पाचव्या प्रकरणाबद्दल

सावेडी, अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२५

प्रिय गोरक्ष,

पत्ता वाचून क्षणभर थबकला असशील. गावाचं नाव बदललं, कागदोपत्री आता सगळीकडे अहिल्यानगर. बोलताना आमच्या तोंडात अजून नगरच येतं. तुझ्या पुस्तकाची प्रुफं पोचली. प्रकाशकांनी चारशे दहा पानं कुरियरने पाठवली आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी: प्रस्तावना महिनाअखेर हवी, ती बाईंनीच लिहावी असा लेखकाचा आग्रह आहे. एकोणतीस वर्षं जिच्याशी छापील कागदावर भांडलास तिच्याचकडे प्रस्तावना मागायची, हा तुझा मोठेपणा की खोडसाळपणा, हे पहिले दोन दिवस मला कळेना. मग पाचवं प्रकरण वाचलं. तीनदा वाचलं. प्रस्तावना लिहायची की नाही हे आता त्या प्रकरणावर अडलंय, आणि फोनवर ते सांगायला लागले तर मी मध्येच विषय बदलीन हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून पत्र. तू देश सोडल्यापासून छत्तीस वर्षांत मी तुला एकही खासगी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा हात जरा अवघडणार.

पहिली चार प्रकरणं उत्तम झाली आहेत, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायची इच्छा राहणार नाही. ज्यूद्वेषाला आज जे नाव आहे ते जेमतेम दीडशे वर्षांचं, आणि द्वेष दोन हजार वर्षांचा. मग हा एकच जुना आजार सलग चालत आला, की दर शतकात नवा निघाला आणि जुन्याचे कपडे घालून फिरला, या वादावर मराठीत इतक्या शहाणपणाने कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. बर्लिनचा तो कुबडा ज्यू तत्त्वज्ञ, ज्याला एका पाद्र्याने चारचौघांत आव्हान दिलं की एक तर आमच्या धर्माचं खंडन कर नाही तर आमच्यात ये, त्याच्यावरची वीस पानं वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. तिसऱ्या प्रकरणातला १८८० च्या सुमाराचा प्राध्यापकांचा वाद तर तू कोर्टातल्या खटल्यासारखा उभा केलायस. एक प्राध्यापक देशाच्या सगळ्या दुखण्यांचं खापर ज्यूंवर फोडतो. दुसरा, रोमचा इतिहास लिहिणारा, त्याच्यावर तुटून पडतो, ज्यूंची बाजू घेतो, आणि शेवटी हळूच ज्यूंकडे वळून सांगतो की बाबांनो, आता तुम्हीही तुमचं वेगळेपण सोडा. तो खरोखरचा सज्जन होता, असं तू लिहितोस, आणि म्हणूनच त्याचं बोलणं ज्यूंना जास्त लागलं. तिथे मी प्रुफं मिटली आणि उगाचच कुकर लावायला उठले.

तुला वाटत असेल की इकडे आता या विषयाला वाचक नाहीत. आहेत की! डिसेंबरात आपल्या कॉलेजात 'द्वेषाचा इतिहास' या नावाचं एकदिवसीय चर्चासत्र झालं. मी निवृत्त, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवून नारळ-शाल दिली आणि बोलायला सात मिनिटं. पुण्याहून आलेल्या एका वक्त्याने चाळीस मिनिटं घेऊन सांगितलं की ज्यूंचंही चुकलंच, ते इतरांत मिसळले नाहीत. मी उठून म्हटलं, अहो, जर्मन ज्यू इतके मिसळले होते की पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी बारा हजार मेले, उरलेले पदकं घेऊन आले, आणि पुढे त्या पदकांसकट त्यांना छळछावणीच्या गाडीत घातलं. त्यावर सभागृहात सूचना आली की जेवणं तयार आहेत. दुसरा वक्ता म्हणाला, तिथला ज्यूद्वेष आणि आपल्याकडची जात, अगदी सारखंच. टाळ्या पडल्या. तुझी आठवण झाली. तू ही तुलना कधीच कुणाला फुकट करू दिली नाहीस. दर द्वेषाला स्वतःचा पत्ता असतो, आधी तो शोधा, असं म्हणायचास. आणि तृतीय वर्षाच्या एका पोराने निबंधात आदर्श नेता म्हणून हिटलर लिहिलाय, हे तिथल्या तरुण प्राध्यापिकेने मला श्रीखंड वाढताना हसत हसत सांगितलं. शिस्तीचा होता म्हणे. मी ताट ठेवून रिक्षाने घरी आले.

आता आमच्या घराकडे वळते, कारण पाचव्या प्रकरणात तूच वळलायस. माझ्या वडिलांना तू सर म्हणायचास, मी अण्णा, आणि पुस्तकात तू त्यांचं नावच दिलंयस: विष्णुपंत. अण्णांना जर्मन कसं आलं याची गोष्ट तू तीन पानं सांगितलीयस आणि ती त्यांनी सांगितली तशीच सांगितलीयस. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी देशातले जर्मन पकडून नगरच्या छावणीत आणले. त्यांत हिटलरचे भक्त होते आणि हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते, सरकारच्या लेखी सगळे शत्रूच. त्यांपैकी एक ज्यू डॉक्टर सुटल्यावर दीड वर्ष नगरात राहिला आणि अकरा वर्षांच्या अण्णांना त्याने जर्मन शिकवलं. आमच्या आजोबांनी त्या निराधार माणसाला आसरा दिला, असं तू लिहिलंयस. आसरा दिला हे खरं. तो ओटीवर शिकवायचा, त्याचा कप ओटीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि दीड वर्षात तो एकदाही माजघरात आला नाही, हे मला आजीने सांगितलं होतं. अण्णा हा भाग गाळून सांगायचे. खोटं बोलायचे नाहीत ते, फक्त गाळायचे.

आणि आपल्या त्या चार वर्षांच्या संध्याकाळी. तू पाथर्डीकडच्या खेड्यातून आलास, आई-वडील दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणारे, आणि तू ग्रंथालयात जर्मन व्याकरण एकट्याने पाठ करत बसलेला अण्णांना सापडलास. त्यांनी तुला घरी आणलं. मागची खोली दिली, फी भरली, पहिल्या थंडीत स्वेटर आणला. तुझा कप वेगळा नव्हता, तू आमच्यातच जेवायचास, आईने तुझ्यासाठी बाजरीची भाकरी शिकून घेतली. हे सगळं तू लिहिलंयस आणि त्यातलं अक्षरही खोटं नाही. पाच वाजता चहा झाला की आपण तिघं बसायचो. तू मोठ्याने जर्मन वाचायचास, अण्णा अर्थ सांगायचे, मी वहीत उतरवून घ्यायची. या बैठकीला तू 'तिघांचा संवाद' म्हटलंयस. गोरक्ष, त्या वह्या माझ्याकडे आहेत. गेल्या आठवड्यात मी नऊच्या नऊ पुन्हा वाचल्या. पानोपानी लिहिलंय, 'गोरक्षने वाचले', आणि खाली अण्णांचं विवेचन. तुझे प्रश्न आहेत, चुका आहेत. तुझं मत कुठेही नाही. अण्णा तुला म्हणायचे, उच्चार फार सुंदर आहेत हो तुझे. चार वर्षांत त्यांनी तुला एकदाही विचारलं नाही की तुला काय वाटतं. तू तरी बोलायचास, मला आठवतंय, पण तू बोलायला लागलास की मी पेन खाली ठेवायची. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तेवढ्यात मी चहाचे कप आवरायची.

तू गेलास आणि सहा वर्षांनी तुझा पहिला लेख त्रैमासिकात आला. जर्मन आणि ज्यू यांच्यात दीडशे वर्षं थोर संवाद चालला होता असं जे सांगतात तो भ्रम आहे, असं तू म्हटलं होतंस. ज्याला आत येण्यासाठी स्वतःला दाराबाहेर ठेवून यावं लागतं, त्याच्याशी झालेल्या बोलण्याला संवाद म्हणू नये. मी तो लेख वाचला आणि मला राग आला. जर्मनीचं माझं काय जळत होतं? पण मला वाटलं, हा आमच्या घराबद्दल लिहितोय. मग मी उत्तर दिलं. तो कुबडा तत्त्वज्ञ आणि त्याचा नाटककार मित्र बुद्धिबळाच्या पटावर बसायचे ते खोटं का, त्या मैत्रीत काही सौदा नव्हता, संवाद होता, असं मी बावीस पानं लिहिलं. तू प्रत्युत्तर दिलंस की एक मैत्री म्हणजे इतिहास नव्हे. मी म्हटलं, इतिहास मैत्र्यांचाच बनतो. लोक म्हणायचे, मराठीत असा सभ्य वाद क्वचितच होतो. सभ्य असणारच. आपण एकमेकांना पत्रं लिहायची टाळत होतो, म्हणून लेख लिहीत होतो. माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं, अण्णा गेले, तुला मुलगी झाली, यातलं एकही वाक्य त्या लेखांत नव्हतं आणि मला तुझं सगळं त्यांतूनच कळत होतं.

आणि आता पाचवं प्रकरण. 'सुचित्रा बरोबर होती', असं तू लिहिलंयस. छापील अक्षरांत, माझ्या नावानिशी. तीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली असेन. तू म्हणतोस की जर्मनीत तो संवाद झाला नाही यावर तू ठाम आहेस, पण तो अशक्यच होता असं मानणं ही तुझी चूक होती, कारण तुझ्या स्वतःच्या आयुष्यात तसा संवाद एका घरात झाला. नगरमधल्या एका घरात. पुढे तू पुरावा देतोस. १९८६ साली जर्मन शिष्यवृत्तीसाठी तू अर्ज केलास, विष्णुपंतांनी शिफारसपत्र दिलं, अर्ज फेटाळला गेला. तू म्हणतोस की तिथल्या समितीने बापाचा धंदा वाचला, गाव वाचलं आणि ठरवून टाकलं की असल्या पोराला तत्त्वज्ञान काय कळणार. तुझ्या शब्दांत सांगायचं तर, 'एका सुसंस्कृत ब्राह्मण शिक्षकाने निःशंकपणे दिलेला शब्द जर्मन समितीला ऐकू आला नाही.' आणि मग याच समितीच्या बहिरेपणावरून तू दहा पानं जुन्या जर्मन विद्यापीठांवर घसरतोस, ज्यूंना शंभर वर्षं प्राध्यापकपद कसं नाकारलं गेलं इथवर जातोस. तो इतिहास खरा आहे. त्याला तू जोडलेला तुझा दाखला मात्र तपासलेला नाहीस. पत्र तू पाहिलं नव्हतंस, ती पत्रं गोपनीय असतात. 'ते कसं असेल हे मला ठाऊक आहे', असं तू लिहितोस. जो माणूस अर्ध्या ओळीच्या विधानाला तीन तळटिपा देतो, त्याने या एका विधानाला एकही दिलेली नाही. दुसऱ्या कुणाचा असा दाखला तू फाडून हातात दिला असतास.

राहीबाईंबद्दल सांगायचं राहिलं. तुझी आई गेल्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला आली होती, हे तुला तुझ्या भावाने, कल्याणने, कळवलंच असेल. पट्टी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन जीपने माझ्याकडे आला. हातात नारळ, पिशवीत झेंडूचा हार. मला म्हणाली, 'आता दिसतंय मला, तर म्हनलं आधी सरांचा फोटू बगावा. त्या देवमानसानं माज्या लेकराला तिकडं धाडलं. न्हाई तर त्यो बी फडातच मेला असता.' मग तिने अण्णांच्या फोटोला हार घातला, पदराने काच पुसली आणि जमिनीवर डोकं टेकलं. शहाऐंशी वर्षांची बाई, खाली बसायला कल्याणचा हात लागला. उठल्यावर माझी हनुवटी धरून म्हणाली, 'तू बी लई केलंस गं, पोरी.' मी तिला चहा दिला, खारी दिली. तिने अर्धी खारी कल्याणला ठेवली. ती गेल्यावर मी हार काढायला गेले आणि काढला नाही. दुसऱ्या दिवशी तुझी प्रुफं आली.

आता त्या वर्षाचं. जानेवारी १९८६ मध्ये, रोमच्या त्या इतिहासकाराचं वाचन संपलं तेव्हा तू म्हणालास की उघड शिव्या देणाऱ्यापासून माणूस सावध तरी राहतो, बाजू घेणारा जेव्हा किंमत सांगतो तेव्हा नाही म्हणायला तोंड उरत नाही. अण्णा हसले आणि पान उलटलं. मी ते वहीत लिहिलं नाही. मार्चमध्ये अण्णांचा लेख आला, त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख, आणि त्याचा गाभा हाच होता. तुझं नाव नव्हतं. तू तो वाचलास आणि मला म्हणालास, 'सरांनी काय नेमकं पकडलंय बघ.' तेव्हा मला पहिल्यांदा तुझी चीड आली, तुझ्याच बाजूने आली, आणि तरी मी गप्प राहिले. एप्रिलमध्ये शिष्यवृत्तीचा अर्ज आला. त्याच आठवड्यात माळीवाड्याच्या स्टँडवर, पाथर्डीची गाडी लागलेली असताना, तू मला विचारलंस की मी गेलो तर तू येशील का. मी म्हटलं, आधी जा तर. तू त्याचा अर्थ होकार असा घेतलास आणि बरोबरच घेतलास.

त्या शनिवारी दुपारी अण्णांनी मला टाइपरायटरपाशी बसवलं. त्यांची जर्मन पत्रं मीच टाइप करायची. आमच्या यंत्राला जर्मन अक्षरांवरची दोन टिंबं नव्हती, ती मी नंतर बारीक निबाने हाताने द्यायची, मूळ प्रतीवर आणि कार्बनवरही. अण्णा येरझाऱ्या घालत सांगत होते. हा तरुण अत्यंत प्रामाणिक आणि कष्टाळू आहे. त्याचे उच्चार निर्दोष आहेत. त्याची स्मरणशक्ती विलक्षण आहे. तथापि ज्या परिस्थितीतून तो आला आहे तिथे स्वतंत्र विचाराची परंपरा नाही, आणि चार वर्षांच्या निकट सहवासात त्याच्याकडून एकही मूळचा विचार आलेला मला आढळला नाही. तत्त्वज्ञानाच्या संशोधनाऐवजी भाषाशिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी त्याचा विचार व्हावा, त्यातच त्याचं हित आहे. एवढं सांगून त्यांनी मला विचारलं, फार कठोर नाही ना झालं? मी म्हटलं, नाही. मार्चचा लेख तेव्हा टेबलावरच पडलेला होता. मी टिंबं दिली, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकून आले. ज्या समितीवर तू दहा पानं खर्च केलीस, तिने आपल्याच विष्णुपंतांचा शब्द मानला. तुझं चुकलं एवढंच की तू नकार देणारा माणूस बर्लिनच्या बाजूला शोधत राहिलास. तीन वर्षांनी पुण्यात आलेल्या त्या जर्मन प्राध्यापक बाईंनी तुला दहा मिनिटं बोलताना ऐकलं आणि आपल्या विद्यापीठात नेलं. आमच्याकडून तुला तिकडे कुणीही धाडलेलं नाही, गोरक्ष.

अण्णांवर सगळं टाकून मोकळं होता आलं असतं. ते गेले आहेत, हू की चू करणार नाहीत. पण मी गप्प का राहिले ते तुला सांगितलंच पाहिजे. एक तर मला तू जायला नको होतास. नकार येईल, तू इथेच राहशील, कुठे तरी मास्तर होशील आणि मग अण्णांना आपलं लग्न मान्य करावं लागेल, असा माझा चोवीस वर्षांचा हिशेब होता. नकार आल्यावर तू आठ दिवस जेवला नाहीस आणि माझ्याकडे पाहीनासा झालास, कारण माझ्या घराला तू तोंड दाखवायला लाजत होतास. एवढंच कारण असतं तर मी ते सोसलं असतं. दुसरं कारण लिहायला मला चार दिवस लागले. टाइप करताना ते मूळच्या विचाराबद्दलचं वाक्य मला खरं वाटलं. सगळं नाही, थोडंसं. तुझा विचार मी माझ्या कानांनी ऐकला होता, अण्णांच्या नावाने छापलेला पाहिला होता, आणि तरीही मला वाटलं की हो, शेवटी ऊसतोड्याचा मुलगा, वाचन उत्तम आहे, पण. मी तुझ्यावर प्रेम करत होते, गोरक्ष, आणि मला तसं वाटलं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत, एकाच शनिवारी दुपारी होत्या. म्हणून पुढे तीस वर्षं मी 'संवाद होता, संवाद होता' असं ओरडत राहिले. जर्मनांची वकिली करत नव्हते मी, आमच्या दिवाणखान्याची करत होते. तू वादात बरोबर होतास. पहिल्या लेखापासून बरोबर होतास, आणि मी तुला प्रत्येक अंकात चूक ठरवत होते, त्याचा पुरावा आमच्याच घरात आहे हे मला ठाऊक असताना.

तुला प्रस्तावना मिळणार नाही. पत्र इथवर आल्यावर मी प्रकाशकांना फोन करून तसं सांगितलंय, कारण दिलेलं नाही. पाचवं प्रकरण जसं आहे तसं छापलं गेलं तर ते माझ्या विजयाचं प्रकरण ठरेल, लोक मला फोन करून अभिनंदन करतील, आणि राहीबाईंसारखंच तूही छापील कागदावर आमच्या फोटोपुढे डोकं टेकवशील. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, मला ती ताकद नाही. पण तू लिहिणारा माणूस आहेस, तुझ्या पुस्तकात खोटी गोष्ट राहता कामा नये, आणि ती माझ्या बाजूने पडलेली तर मुळीच नाही. प्रकरण गाळू नकोस. पुन्हा लिही. जर्मन समितीवरची दहा पानं काढ, त्या जागी हे लिही, सगळी नावं देऊन लिही, अण्णांचं आणि माझंही. तुला पुरावा लागेल, तू तोंडी साक्ष धरत नाहीस. ते पत्र 'शिफारसी, १९८६' या फाइलीत होतं. अण्णांनी एकही कार्बन कधी टाकला नाही, आणि ते गेल्यावर मीही तो टाकला नाही, का ते मला सांगता येणार नाही. मूळ कार्बन या पाकिटात आहे. त्याची प्रत मी काढून ठेवलेली नाही.

तुझीच अपराधी,
सुचित्रा